वस्तीला आलेलं क्रियापद

बी, ॲम, इज, आर, वॉज, वेअर, बीइंग, बीन. इंग्रजीतल्या एकाच क्रियापदाची ही आठ रूपं. ‘वॉक’ला चार पुरतात, ‘गो’ला पाच. एवढा पसारा दुसऱ्या कुठल्याही इंग्रजी क्रियापदाचा नाही, आणि काम काय, तर आपल्या ‘आहे’चं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांपासून आजच्या सेमी-इंग्रजीच्या वर्गांपर्यंत मराठी मुलं हे क्रियापद तालासुरात पाठ करत आली आहेत. पाढे म्हणावेत तसं. ‘ॲम’चं ‘वॉज’ कसं झालं, हे त्या तालात कुणी विचारत नाही. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण त्या भाषेतल्या दुसऱ्या कुठल्या प्रश्नापाशी इतकी रेंगाळले नाही. उत्तराची वाट वेदपाठाच्या स्वरांवरून जाते आणि आपल्या रोजच्या बोलण्यात येऊन पोचते, म्हणून हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो.

ही आठ रूपं मुळात एका घरची नाहीत. जुन्या वाड्यात निरनिराळ्या घराण्यांची बिऱ्हाडं येऊन राहावीत आणि दोन-तीन पिढ्यांनी दारावर एकच पाटी लागावी, तसं या क्रियापदाचं झालं आहे. ‘ॲम’ आणि ‘इज’ ही जोडी ज्या मुळाची, त्याच मुळाचा आपल्याकडचा धातू म्हणजे ‘अस्’. संस्कृतात अस्मि, अस्ति. ‘अस्मि’च्या शेवटी जो ‘मि’ आहे, तोच झिजत झिजत ‘ॲम’च्या शेवटचा ‘म्’ झाला. ‘मी’पण दाखवणारा तो प्राचीन प्रत्यय अख्ख्या आधुनिक इंग्रजीत या एकाच शब्दात उरला आहे. ‘बी’, ‘बीइंग’, ‘बीन’ हे दुसरं घराणं, आपल्या ‘भू’चं: भवति, भाव, भवन, भविष्य. मराठीतलं ‘होणे’ याच ‘भू’पासून प्राकृतातून घरंगळत आलेलं. ‘आर’ उत्तर इंग्लंडच्या बोलीतून दक्षिणेकडे सरकत आलं. त्याच उत्तरेत समुद्रापलीकडून आलेले नॉर्सभाषक येऊन राहिले होते, आणि इंग्रजीला ‘दे’ हे सर्वनामही त्यांनीच दिलं. ‘आर’ येण्याआधी इंग्रजीत अनेकवचनाला ‘सिंड’ असं रूप होतं, संस्कृत ‘सन्ति’चं सख्खं भावंड. ते इंग्रजीतून नाहीसं झालं. जर्मनीत अजून नांदतं आहे.

राहिले ‘वॉज’ आणि ‘वेअर’. यांचं मूळ आपल्या ‘वस्’ धातूचं.

इथे मला थांबावंसं वाटतं. वसति म्हणजे राहतो, आणि विशेषकरून रात्र काढतो. आपल्याकडे या धातूचं गोत केवढं मोठं आहे! निवास, वसतिगृह, वस्ती. गाव वसतं, डोंगराच्या कुशीत वाडी वसलेली असते. आणि गावाकडचा तो नेमका शब्द: ‘वस्तीला’. पाहुणे वस्तीला आले, म्हणजे आज रात्रीचा मुक्काम, उद्या न्याहारी करून जातील. संध्याकाळी तालुक्याहून सुटणारी, रात्री गावातच उभी राहणारी आणि भल्या पहाटे परत निघणारी ती ‘वस्तीची एसटी’. हजारो वर्षांपूर्वी या धातूला जो अर्थ होता, तो या शब्दांत अजून ऊबदार आहे. अंधार पडला, चाल थांबली, आता सकाळपर्यंत इथेच.

इंग्रजीच्या नात्यातल्या जुन्या भाषांतही हा अर्थ बराच काळ टिकून होता. चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल ज्या गॉथिक भाषेत आणलं, तिच्यात ‘विसान’ म्हणजे असणं आणि थांबणं, राहणंही. पुढे ‘राहणं’ पुसट होत गेलं, ‘असणं’ उरलं, आणि तेही फक्त भूतकाळापुरतं. आज कुणी इंग्रजीत ‘मी पुण्यात होतो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या ‘वॉज’च्या तळाशी पुण्यात काढलेल्या रात्री आहेत. मला हे फार सुंदर वाटतं. भूतकाळासाठी ‘गेला’, ‘सरला’, ‘ओसरला’ असे शब्द आपण किती वापरतो. या एका शब्दाने त्यासाठी ‘मुक्कामाला राहिला’ असं म्हटलं. जे होतं, ते कुठेतरी राहत होतं. त्याला एक जागा होती, तिथे त्याचं अंथरूण पडलं होतं.

शिवाय ही वाड्याची रचना इंग्रजीपुरती नाही. पाणिनीलाही ती आपल्या भाषेत दिसली होती. अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायातल्या चौथ्या पादाचं ५२वं सूत्र सांगतं की आर्धधातुक प्रत्यय पुढे असताना ‘अस्’च्या जागी ‘भू’ येतो. म्हणून ‘अस्ति’चं भविष्यकाळी रूप ‘भविष्यति’ आणि परोक्ष भूतकाळी ‘बभूव’. ‘अस्’ मध्येच दमतो आणि ‘भू’ त्याची जबाबदारी उचलतो. इंग्रजीतही ‘इज’ला स्वतःचं भविष्य नाही, तिथे ‘बी’लाच यावं लागतं. पाणिनीच्या परंपरेत अशा बदलाला ‘आदेश’ म्हणतात. एकाने उठावं आणि दुसऱ्याने त्याच आसनावर बसावं, ही व्यवस्था. धातुपाठाची सुरुवात होते तीही ‘भू’पासूनच, आणि त्याचा अर्थ दिला आहे सत्ता, म्हणजे असणं. मराठीत ‘सत्ता’ म्हणजे अधिकार, खुर्ची. संस्कृतात तो शब्द ‘सत्’पासून, ‘अस्’च्या घरातला, आणि त्याचा अर्थ निव्वळ ‘असतेपण’. त्याच ‘सत्’चं ‘सत्य’ झालं, आणि तिकडे जुन्या इंग्रजीत त्याच मुळाचा शब्द पुढे ‘सूथ’ झाला. अर्थ तोच, खरं. जे आहे ते खरं, असं इतक्या दूर पांगलेल्या दोन्ही भाषांना वाटलं.

हे नातं पाश्चात्त्य पंडितांना दिसलं ते कलकत्त्यात. १७८६ साली एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य धातूंत आणि व्याकरणाच्या रूपांत इतकं खोल आहे की ते योगायोगाने आलेलं असू शकत नाही. तीस वर्षांनी, १८१६ मध्ये, फ्रान्त्स बॉप या तरुण जर्मन अभ्यासकाने संस्कृत क्रियापदांची रूपं ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक यांच्याशी ताडून पाहणारा ग्रंथ लिहिला. बॉपला असं वाटे की इतर क्रियापदांच्या प्रत्ययांत ‘अस्’ दडलेला आहे. प्रत्येक कृतीच्या पोटात ‘असणं’ आहे. संस्कृतापुरता तो तर्क पुढे बराचसा मागे पडला. पण आपण कसं बोलतो ते ऐका. येतोय. जातेय. पाऊस पडतोय. जेवण झालंय. त्या शेवटच्या ‘य’मध्ये ‘आहे’ मुरलेलं आहे. बॉप जे शोधत होता ते मराठी माणसाच्या तोंडी दिवसभर असतं.

आता ‘वॉज’ आणि ‘वेअर’ यांच्याबद्दल. एकाच धातूची दोन रूपं, मग एकवचनात ‘स’ आणि अनेकवचनात ‘र’ का? ही गाठ सोडवली कार्ल वेर्नर या डॅनिश माणसाने. गोष्ट अशी सांगतात की एका दुपारी त्याला झोप हवी होती, म्हणून त्याने बॉपचा जाडजूड तौलनिक व्याकरणग्रंथ हाती घेतला. समोर दोन संस्कृत शब्द आले, वडिलांचा आणि भावाचा, स्वरचिन्हांसकट. ‘पितर्’मध्ये आघात शेवटच्या अक्षरावर, ‘भ्रातर्’मध्ये पहिल्या. आणि जर्मनमध्ये वडिलांच्या शब्दात मधलं व्यंजन एक, भावाच्या शब्दात दुसरं: ‘फाटर’, पण ‘ब्रुडर’. हा फरक तोवर अपवाद म्हणून बाजूला ठेवलेला होता. वेर्नरने दाखवलं की अपवाद नाहीच. फार पूर्वी आघात कुठे पडत होता त्यावर पुढचं व्यंजन ठरलं. त्याचा लेख १८७७च्या सुमारास छापून आला. त्याच सुमारास मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकर संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर आपली विल्सन व्याख्यानं देत होते.

‘वॉज’-‘वेअर’चंही असंच आहे. त्या भूतकाळाच्या एकवचनी रूपात आघात धातूवर होता आणि अनेकवचनी रूपात प्रत्ययावर. संस्कृतात ‘उवास’ आणि ‘ऊषुः’ ही त्यांचीच भावंडं. आघात ज्या रूपात पुढे सरकला होता, त्यात ‘स’ मऊ झाला, आणि मऊ होत होत ‘र’ झाला. मग जर्मानिक भाषांत आघात सगळीकडे पहिल्या अक्षरावर आला. कारण नाहीसं झालं, खूण तेवढी मागे राहिली. जर्मन भाषेने ती खूणही पुसून दोन्हीकडे ‘र’ करून टाकला. इंग्रजीने मात्र एकट्या याच क्रियापदात एकवचन-अनेकवचनाचा तो भेद जपला.

आणि तो आघात कुठे होता हे युरोपाला सांगितलं कुणी? वैदिक संस्कृताने. उदात्त, अनुदात्त, स्वरित. गुरूने शिष्याचं डोकं वर-खाली-तिरकं हलवत शिकवलेला, शतकानुशतकं तोंडातून कानात गेलेला स्वर. नाशिकच्या, वाईच्या पाठशाळांत आजही मुलं तसंच म्हणतात. मला त्या पाठाचा अर्थ लागत नाही तेव्हाही ऐकत राहावंसं वाटतं, कारण लंडनच्या शाळेतलं मूल ‘वी वेअर’ लिहितं त्यातल्या ‘र’ची साक्ष त्या स्वरांत आहे. कुणी काय म्हणून जपतो आणि ते कुणाच्या कामी येतं!

पण या क्रियापदाची जी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती वर्तमानकाळातली आहे.

आपण म्हणतो, हा आंबा गोड आहे. आणि म्हणतो, हापूस गोड असतो. विहिरीला पाणी नाही, हे आजचं. उन्हाळ्यात विहिरीला पाणी नसतं, हे दरसालचं. ‘दादा घरी आहेत का?’ या प्रश्नाला ‘ते या वेळेला घरी नसतात’ असं उत्तर आलं की दादांचा सगळा दिनक्रम समजतो. ‘आहे’ हातातल्या क्षणाचं, ‘असतो’ स्वभावाचं, ऋतूचं, रीतीचं. इतका बारीक आणि इतका आवश्यक भेद मराठी मूल शाळेत जाण्याआधी शिकतं, आणि पुढे जन्मभर तो चुकत नाही. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इज’.

एकेकाळी असं नव्हतं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत वर्तमानकाळाची दोन कुळं होती. एक ‘अस्’चं, ‘एओम’ आणि ‘इस’; दुसरं ‘भू’चं, ‘बेओ’ आणि ‘बिथ’. पहिलं आत्तासाठी. दुसरं नेहमीसाठी, सृष्टिनियमांसाठी, आणि पुढे येणाऱ्यासाठीही. त्या काळच्या सुभाषितवजा कवितांत हिवाळा थंड, नशीब बलवत्तर असली विधानं ‘बिथ’ने येतात. ॲल्फ्रिक नावाच्या मठवासी पंडिताने इ.स. १०००च्या सुमारास लॅटिनचं व्याकरण आपल्या लोकांच्या भाषेत लिहिलं, तेव्हा लॅटिनच्या ‘मी आहे’ला त्याने ‘एओम’ दिलं आणि ‘मी असेन’ला ‘बेओ’. आंबा गोड आहे आणि आंबा गोड असतो, हा फरक त्याच्या भाषेला कळत होता. मग पुढच्या काही शतकांत दोन्ही कुळं एकमेकांत मिसळली, ‘आर’ दक्षिणेकडे पसरलं, आणि तो भेद प्रमाण इंग्रजीतून वाहून गेला. अनेकवचनी ‘बी’ची एक खूण तेवढी राहिली. सत्ताधाऱ्यांसाठी इंग्रजीत जो ‘द पॉवर्स दॅट बी’ हा वाक्प्रचार आहे, त्यात ‘आर’ येत नाही. १५२६च्या विल्यम टिंडलच्या बायबल भाषांतरातून तो आला.

बोलींनी मात्र आपापलं जपून ठेवलं. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या खेड्यांत ‘आय बी’ म्हणणारी माणसं होती. उत्तरेत ‘आय इज’ म्हणत. चौदाव्या शतकात चॉसरने ‘द रीव्ह्ज टेल’ या कथाकाव्यात उत्तरेकडच्या दोन विद्यार्थ्यांच्या तोंडी हेच ‘इज’ घातलं आहे. आयरिश भाषेत आजही ‘टॉ’ आणि ‘बीन’ अशी दोन रूपं आहेत, आत्ताचं आणि नेहमीचं. त्यातलं ‘बीन’ तर ‘भू’च्याच कुळातलं.

आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीत तो भेद पुन्हा उगवला. ‘ही वर्किंग’ म्हणजे तो काम करतोय. ‘ही बी वर्किंग’ म्हणजे तो काम करत असतो, कामावर जाणारा माणूस आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एका अभ्यासात मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं चित्र दाखवलं होतं. कुकी मॉन्स्टर आजारी, अंथरुणावर. बिस्किटं खातोय एल्मो. आत्ता कोण खातोय असं विचारलं तर सगळीच मुलं एल्मोकडे बोट दाखवत. पण प्रश्नात ‘बी ईटिंग’ आलं, की ही बोली घरी ऐकलेली मुलं आजारी कुकी मॉन्स्टरचं नाव घेत. एरवी बिस्किटं कोण खात असतो? तोच ना! मराठी मुलाला हा प्रश्न मराठीत विचारा, तेही क्षणात हेच सांगेल. इतर मुलांना मात्र त्या वाक्यातला ‘असतो’ ऐकूच आला नाही.

ज्यांना हे बारकावे येत होते त्यांनाच शाळेत अशुद्ध ठरवलं जात होतं. मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बर गावात हा वाद न्यायालयात गेला, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती चार्ल्स जॉइनर यांनी निकाल दिला की मुलांना वाचायला शिकवताना त्यांच्या घरच्या भाषेची दखल शाळेने घेतलीच पाहिजे. या निकालाबद्दल वाचलं की मला आपल्याकडच्या वह्या आठवतात. ‘हाय’, ‘न्हाई’, ‘व्हता’ लिहिणाऱ्या मुलाच्या वहीवरची ती लाल रेघ. प्रमाणभाषा मुलाला यायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात दुमत नाही. पण घरून आणलेलं वाक्य चुकीचं आहे, असं त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ते वाक्य त्याच्या आईचं आहे, आणि त्याला स्वतःचं व्याकरण आहे.

व्याकरणाच्या नावाने चालणारी ही शिवाशिव काही नवी नाही. घर बांधलं जात आहे, यासाठी इंग्रजीत आज सर्रास वापरलं जाणारं ‘इज बीइंग बिल्ट’ अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ होऊ लागलं. त्याआधी ‘द हाऊस इज बिल्डिंग’ म्हणत. ‘बी’च्याच दोन रूपांची शेजारी-शेजारी अशी रांग अनेकांना सहन होईना. अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रँट व्हाइट यांनी १८७० साली आपल्या पुस्तकात या रचनेच्या विरोधात एक अख्खं प्रकरण लिहिलं. लोकांनी ती रचना ठेवली. आपण मराठीत ‘बांधलं जात आहे’ हे शासकीय फलकावर वाचतो; घरी मात्र ‘काम चालू आहे’ असंच म्हणतो, आणि ते मला जास्त जिवंत वाटतं.

मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’सारख्या वाक्यांनाही मी याच नजरेने पाहते. मराठीत ‘हॅव’ नाहीच. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, तिला ताप आहे. सगळं ‘आहे’वर भागतं. आपण वस्तूंचे धनी नसतो, त्या आपल्याकडे असतात. हा भाव घेऊन मूल इंग्रजीत जातं आणि ‘हॅव’पाशी पोचलं तरी सोबत ‘ॲम’ घेऊनच जातं. मी ते वाक्य सुधारते, पण आधी ते तसं का झालं हे त्याला सांगते.

अलीकडे हे क्रियापद शिकवताना मी आठ रूपांचा पाढा नंतर घेते. आधी फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहिते: आज बाजारात भेंडी आहे, पावसाळ्यात बाजारात भेंडी असते. मुलांनी दोन्हींतला फरक स्वतःच्या शब्दांत सांगायचा. ती भराभर सांगतात, भांडून सांगतात, नवी उदाहरणं आणतात. मग दोन्ही वाक्यांखाली इंग्रजी येतं आणि दोन्हीकडे ‘इज’ पडतं. एकदा मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, बाई, पण मग इंग्रजीत ‘असते’ म्हणायचं कसं? मी ‘यूज्वली’ सांगितलं, ‘ऑफन’ सांगितलं, ‘टेंड्स टू बी’ सांगितलं. तिने सगळे शब्द वहीत उतरवून घेतले आणि शेजारणीला हळूच म्हणाली, ‘एवढ्या एका ‘असते’साठी?’ त्या तासाला पुस्तक बाजूलाच राहिलं. मी त्यांना ॲल्फ्रिकची गोष्ट सांगत बसले.